नानांचा अर्ज आणि निळं पाणी

आमच्या घराण्यात विनापरवानगी कुणी शिंकलेलंसुद्धा नाही! माझे वडील, नाना, जुन्या इंदुरात कारकून म्हणून आले आणि कारकून म्हणूनच गेले. मधल्या काळात त्यांनी अर्जाशिवाय कुणाकडे काही मागितलं नाही. मीही तसाच. सिंचन खात्यात पस्तीस वर्षं काढली. लग्न ठरलं तेव्हा सरलाचा होकारही मी लेखी घेतला होता. अजून फाइलीत आहे.

तर यंदा महालक्ष्म्या अकरा दिवसांवर आल्या आणि आमची सीवर लाइन तुंबली. न्हाणीघरात ओतलेलं पाणी तिथेच उभं राहून आमच्याकडे बघत बसायचं. महालक्ष्म्यांच्या दिवशी घरात चाळीस पानं उठतात. त्या चाळीस जणांना हात धुवायला कुठे पाठवायचं, असं सरला रोज विचारू लागली. हात धुण्यापलीकडचंही तिने विचारलं, ते इथे लिहीत नाही.

अनीश ठेकेदाराने बांबूच्या खपच्या घालून पाहिल्या. मातीचा पाइप आतून पिचला होता, बदलणं भाग होतं.

"टेन्शन नको भिया," तो म्हणाला. "रविवारी सुबह खोदू, दोपहरपर्यंत बुजवू. किसी को पता नहीं चलेगा."

"मला पता चलेल ना," मी म्हणालो.

कारण हा तत्त्वाचा प्रश्न होता. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या जयसिंगरावांनी असंच एका रविवारी आमच्या दोघांमधली गल्ली खोदायला घेतली. परवानगी नाही, कागद नाही! मी त्याच दिवशी तक्रार केली आणि काम थांबवलं. त्यांनी निमूटपणे खड्डा बुजवला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आणि महालक्ष्म्यांचं त्यांना जाणारं आमंत्रणही बंद. आता मीच चोरून खोदलं तर त्यांना कुठलं तोंड दाखवू? सरला म्हणाली, तसंही तीन वर्षांत दाखवलेलं नाही.

नगर निगमात अर्ज केला. तीन प्रती, नकाशा, घराचे कागद, वर आडवी रेघ मारून विषय. तिथल्या उपयंत्री, म्हणजे इंजिनिअर, पूर्वा मॅडमनी कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ पाहिलं.

"अंकल, रेकॉर्डमध्ये तुमच्या घराला सीवर कनेक्शनच नाही. जी लाइन है ही नहीं, ती बदलायची परमिशन कशी देऊ?"

मी त्यांना नानांविषयी सांगितलं. पंधरा मिनिटं सांगितलं. लाइन आहे, चाळीस-पंचेचाळीस वर्षं आहे, आणि ती नानांनी घातली म्हणजे परवानगीनेच घातली असणार. तुमचंच रेकॉर्ड अपुरं आहे! मागची रांग वैतागली, पण मी हटलो नाही. जागेवर येऊन तपासा, असा दुसरा अर्ज तिथल्या तिथे लिहून दिला आणि पोच घेतली.

मॅडम खरंच आल्या. अनीशने सरलाची नीळ बादलीत कालवली आणि ते पाणी न्हाणीघरात ओतून बांबूने पुढे ढकललं. गल्लीतल्या सगळ्या चेंबरांची झाकणं उघडली. निळं पाणी निघेल तिथे आपली लाइन. अर्धी गल्ली जमली. मी छाती पुढे काढून मोठ्या सरकारी चेंबरापाशी उभा होतो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. चेंबर कोरडं.

"इकडे या," मागून आवाज आला. जयसिंगराव अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या पायाशी त्यांचंच चेंबर उघडं होतं आणि त्यात पाणी निळंशार!

नाना आणि चोरून जोडलेली लाइन? जयसिंगराव शांतपणे आत गेले आणि एक पिवळा पडलेला कागद घेऊन आले. अक्षर नानांचं. जयसिंगरावांच्या वडिलांच्या नावे रीतसर अर्ज : आपल्या चेंबरात आमची लाइन जोडण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. म्हणजे परवानगी होती! मी विजयाने मॅडमकडे पाहिलं.

"खालचं पण वाचा," जयसिंगराव म्हणाले.

खाली त्यांच्या वडिलांचा शेरा होता. मंजूर. अट : दर वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला सहकुटुंब बोलावणे.

"तीन साल झाले, चिंतामणराव. अट तुम्ही मोडलीत."

मॅडमनी हसू दाबलं आणि सांगितलं, की शेजाऱ्याची लेखी संमती आणा, परवानगी दोन दिवसांत देते. नाहीतर थेट मोठ्या लाइनीपर्यंत रस्ता कापायचा, आणि ते काम दिवाळीपर्यंत होणार नाही.

मी चार दिवस वाकलो नाही. पाचव्या दिवशी सरलाने पुरणाची डाळ निवडता निवडता सांगितलं, की यंदा ती महालक्ष्म्या माहेरी, बडा गणपतीला मांडते आहे, आणि मला यायचं असल्यास अर्ज करावा. त्या संध्याकाळी मी जयसिंगरावांना आमंत्रण लिहिलं. तारीख घातली, विषय लिहिला, पोच घेतली. त्यांनी त्यावरच 'मंजूर' लिहून संमती दिली.

परवानगी आली. मी ती लॅमिनेट करून फाटकाला लावली आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत खोदाई केली! इतकं कायदेशीर सांडपाणी आमच्या गल्लीतून यापूर्वी वाहिलेलं नाही.

महालक्ष्म्यांच्या दिवशी जयसिंगराव सहकुटुंब आले. तिसरी पुरणपोळी वाढताना मीच विषय काढला. काम असं करावं, म्हटलं, कागदाने. तुमच्यासारखं रविवारी गुपचूप नाही.

त्यांनी पोळीवर तूप ओढून घेतलं. "त्या रविवारी मी काय खोदत होतो, ठाऊक आहे?"

"तुमची लाइन."

"माझी तर ठीक चालू होती. तुमच्याकडून येणारा मातीचा पाइप झिरपत होता. नानांचा पाइप म्हणून म्हटलं आपणच बदलून टाकू, तुम्हाला कशाला तकलीफ. तेवढ्यात तुमची तक्रार आली."

मी त्यांच्या ताटातल्या सोळा भाज्या एकेक करून मोजल्या. लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

पण माझं मत बदललेलं नाही. खोदण्याआधी त्यांनी परवानगी घ्यायलाच हवी होती. निदान माझी! रात्री भांडी आवरताना मी हे सरलाला दोनदा सांगितलं.

"लेखी द्या," ती म्हणाली.