आसन-बाजू निर्धारण उपसमिती

लालबागच्या मोरेश्वर चाळीतल्या रखमाआजी परब पहिल्यांदाच विमानात बसणार होत्या. गोव्यात नोकरीला असलेला मुलगा निलेश तिकीट काढत होता. त्याने फोनवर एवढंच विचारलं, "आये, खिडकी खंयची घेव? डावी की उजवी?" आजींना कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर, आणि रेंज येते फक्त गॅलरीत. त्यामुळे हा प्रश्न तत्क्षणी सार्वजनिक झाला.

"माका वरसून म्हायेराचा घर दिसाक व्हया. बाकी काय नको," आजी म्हणाल्या. देवगडजवळ समुद्राकाठी ते घर होतं. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून गावातली पाखाडी, म्हणजे घराकडे जाणारी दगडी पायवाट, चढणं बंद झालं होतं, आणि ते पुन्हा सुरू होईल असं डॉक्टरांनाही वाटत नव्हतं. कौलांचा ठिपका दिसला तरी आजींना पुरे होता.

चाळीचे अध्यक्ष जयवंतराव तावडे यांनी तातडीची सभा बोलावली. नळाच्या वेळेपासून गणपतीच्या मखरापर्यंत या चाळीत काहीही सभेवाचून ठरत नाही. 'आसन-बाजू निर्धारण उपसमिती' नेमली गेली. तिच्या एकाही सदस्याने विमानप्रवास केलेला नसल्यामुळे तिच्या निःपक्षपातीपणावर शंका घ्यायला जागा नव्हती.

पहिल्या मजल्याने उजवी बाजू सुचवली. गावी जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, घर समुद्राकाठी आहे, सबब घरही उजव्या हाताला. दुसऱ्या मजल्याचा गेल्या गणपतीपासून पहिल्याशी अबोला असल्याने त्याने डावी बाजू धरली. दुसऱ्या मजल्यावरच्या दर्शनाने मोबाईलवर नकाशाच उघडून दाखवला.

"विमान समुद्रावरून जातं, काका. किनारा डावीकडेच दिसणार. सिंपल आहे."

"नकाशा दुसऱ्या मजल्याचा आहे," जयवंतराव म्हणाले. "सभा तो ग्राह्य धरू शकत नाही."

मग तज्ज्ञ म्हणून हर्षवर्धनला पाचारण करण्यात आलं. चाळीतच वाढलेला हा मुलगा आता लोअर परळच्या काचेच्या ऑफिसात बसतो आणि महिन्यातून दोनदा उडतो.

"मी कायम आयल सीट घेतो, वाटेलगतची," तो म्हणाला. "पटकन उतरता येतं. आणि बाहेर बघायला असतं काय? ढग!"

तज्ज्ञमताबद्दल आभार मानण्यात आले. तिकडे फोनवर निलेश कळवळत होता, "अरे, सीटा जातत, बेगीन सांगा!" अखेर जयवंतरावांनी सर्वमान्य तोडगा काढला. आजी वाटेलगत बसतील. तिथून दोन्ही खिडक्या दिसतात आणि एकाही मजल्याचा अपमान होत नाही.

"अहो, पण आजींना विचारा ना!" दर्शना ओरडली.

"त्या लाभार्थी आहेत," जयवंतराव शांतपणे म्हणाले. "लाभार्थ्याला मत नसतं."

ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्या पडल्या. आजींनीही मान डोलावली, कारण परत येऊन त्यांना याच चाळीत राहायचं होतं.

ठरल्याप्रमाणे आजी वाटेलगत बसल्या. वाटेपलीकडच्या लांबच्या खिडकीत नुसता समुद्र होता. त्यांच्या शेजारचे गृहस्थ घोरत होते. बऱ्याच वेळाने वैमानिकाने सांगितलं की डाव्या बाजूला देवगडचा किनारा दिसतो आहे. पट्टा ताणून आजी डावीकडे वाकल्या.

खिडकीचा पडदा खाली ओढलेला होता. खिडकीपाशी बसलेल्या प्रवाशाच्या मोबाईलवर ऊन येत होतं, म्हणून त्याने तो ओढला होता. तो एका चाळीतल्या येड्या माणसांची गोष्ट वाचत होता आणि स्वतःशीच हसत होता.

ते तुम्ही होतात.

"पडदो जरा वर कर रे बाबा," आजी म्हणाल्या. "माझा म्हायार इला."

"एक मिनिट हां, आजी," मान वर न करता तुम्ही म्हणालात. "गोष्ट संपतच आलीय."