साहेब उभे राहिले की

धाकटी इंजिनीअर एकटी असली की इंजिनाच्या जोराचा आकडा ठरल्यापेक्षा जरा कमीच भरायचा. साहेब येऊन चाचणीच्या टाकीशेजारी उभे राहिले की तोच आकडा टुणकन वर जायचा. आठवडाभर असं झाल्यावर साहेबांनी त्यातून काय घ्यायचं ते घेतलं.

"यंत्रालाही माणूस कळतो बरं का," ते म्हणाले. "आपण नुसतं उभं राहिलं की पुरतं."

बायकोलाही त्यांनी हे ऐकवलं. "नुसतं उभं राहून काम होतं?" ती म्हणाली. "मग स्वयंपाकघरातही येत जा की कधी!"

इंजिन होतं दळणवळणाच्या उपग्रहासाठी. त्यात ना ज्वाळा, ना गडगडाट. वायूत वीज सोडायची, त्याचा निळा प्लाझ्मा करायचा आणि मागे फेकायचा. जोर म्हणाल तर तळहातावर ठेवलेल्या दोन-चार कागदांएवढा. पण वर अंतराळात महिनोन्महिने ढकलत राहिलं की अवजड उपग्रहही मुकाट्याने आपल्या जागी जाऊन बसतो. एवढासा जोर मोजायचा म्हणून हवा काढून घेतलेल्या टाकीत इंजिन एका नाजूक झोक्यावर टांगलं होतं. झोका केसभर सरकला की पडद्यावर आकडा उमटायचा.

उपग्रह कंपनीच्या बाई तपासणीला आल्या, सोबत तीन धिप्पाड तंत्रज्ञ. आकडा भरला तर मागणी पक्की. नाही तर विभागाला टाळं. धाकटीची नखं कुरतडून संपली होती.

"निर्धास्त राहा," साहेब म्हणाले. "मी आहे ना!"

इंजिन सुरू झालं. निळा उजेड बघायला पाहुणे टाकीच्या पलीकडच्या काचेपाशी, धाकटीच्या टेबलाजवळ जमले. आकडा घसरला. समजावून सांगायला साहेब लगबगीने त्यांच्यात जाऊन उभे राहिले, तसा तो शून्याच्याही खाली गेला.

"हे उलटं चाललंय का?" बाईंनी विचारलं. "आम्हाला उपग्रह वर पाठवायचाय, परत नाही आणायचा."

साहेब धावत आपल्या नेहमीच्या जागी गेले. आकडा चढला. "बघा!" म्हणत ऐटीत परत आले, तर पडला. पुन्हा पळाले. पुन्हा चढला.

बाई आता आकडा सोडून साहेबांकडेच बघत होत्या. "जरा इकडे येता? हं. आता तिकडे जा. परत या."

साहेब घामाघूम झाले.

"राग मानू नका," बाई म्हणाल्या, "पण वजन किती तुमचं?"

धाकटीने पडद्यामागे तोंड लपवलं.

"मी अंगापिंडाने भरलेला आहे," साहेब म्हणाले. "त्याचा इथे काय संबंध?"

"इथली जमीन लवतेय. माणसं जिकडे, तिकडे झोका कलतो. इंजिनाचा जोर राहिला बाजूला, आपण तुमचाच मोजतोय."

मग खरा आकडा किती, हे कुणालाच माहीत नव्हतं. सगळे खोलीबाहेर गेले. लांबलचक तार ओढून पडदाही बाहेर आणला. साहेब भिंतीला टेकून डोळे मिटून उभे राहिले. त्यांना भीती वाटत होती, अगदी मनापासून. चार वर्षांची मेहनत नुसतं आपलं वजन निघाली तर?

"भरला!" धाकटी किंचाळली. "थोडा जास्तच! म्हणजे माझ्या टेबलामुळे कमी दिसायचा!"

साहेबांनी डोळे उघडले, कोट सारखा केला.

"मला ठाऊकच होतं," ते म्हणाले. "अंतराळात तरी मी इंजिनाजवळ कुठे असणार आहे?"

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "तेवढं मात्र आम्हाला लेखी लागेल."