घोडीच्या दुधाचा साबण

साबणाच्या धंद्याच्या उद्घाटनाच्या सकाळी जिपारने खोलीतली मोजदाद केली. घोडीच्या दुधाचे साबण, गोल, पांढरे, अक्रोडाएवढे: दोनशे चाळीस. ते ठेवायला वाडगे: बारा. 'फक्त धुण्यासाठी' असं लिहिलेल्या चिठ्ठ्या: बारा. कोमट पाण्याचं घंगाळ एक, पंचे चार. बोलावलेली माणसं अठरा. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलीच्या कार्यक्रमात चुकायला जागाच नव्हती.

चुकून चालणारही नव्हतं. चार महिन्यांत घरातून एकही साबण हललेला नव्हता. तालुक्याच्या शाळेत रसायनशास्त्राला शिक्षक हवा होता आणि सासूबाईंनी, सोनुनबू आपांनी, हेडमास्तरांना जवळजवळ होकार देऊन टाकला होता.

"कळप डोंगरावरून खाली येईपर्यंत बघ," आपा म्हणाल्या होत्या. "घरातून साबण बाहेर गेला आणि बाहेरून घरात काही आलं, तर धंदा. नाही तर खडू."

खडूच्या नुसत्या विचारानेही जिपारला शिंका येत.

आपांनी दारातून डोकावलं. "हे काय मांडलंयस?"

"प्रात्यक्षिक. पाहुणे हात धुतील, वास घेतील, विकत घेतील."

"आणि खातील काय?"

"चहा आहे की."

आपा तिथेच बसल्या. "माणसं घरी येणार, हात धुणार आणि परत जाणार. हे घर आहे का दवाखाना? अगं, गावात तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

दुपारपर्यंत मेंढा कापून झाला आणि बोरसोकांचा, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, ढीग खिडकीला टेकला. मेंढा शिजला की वास सुटतो, आणि वासाला अठराच्या पुढे मोजता येत नाही. एकसष्ट माणसं आली. दस्तरखान, म्हणजे जेवण मांडायचं कापड, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलं. साबणाला वेगळी जागाच उरली नाही, तेव्हा आपांनी बाराही वाडगे उचलून दस्तरखानावर ठेवले, जॅम आणि कुरुत यांच्या मध्ये. कुरुत म्हणजे खारवलेल्या दह्याचे वाळवलेले गोळे. गोल, पांढरे, अक्रोडाएवढे. चिठ्ठ्यांपैकी सात जॅममध्ये पडल्या. उरलेल्या पाच गावात सगळ्यांत वडील असलेल्या एसेनकुल आजोबांनी दात कोरायला घेतल्या.

जेवणं आटोपली. जिपार घसा साफ करून बोलायला उभी राहिली, तोच एसेनकुल आजोबांनी हात वर केले. "या घरातून निघालेलं घरोघरी पोचू दे. ओमीन." एकसष्ट माणसांनी 'ओमीन', म्हणजे तथास्तु, म्हणत चेहऱ्यावरून हात फिरवले. कार्यक्रम संपला.

आणि आपा पिशव्या वाटू लागल्या. जेवणावळीहून घरच्यांसाठी न्यायचा घास, त्याला केशिक म्हणतात. दस्तरखानावर असेल ते सगळं केशिक. त्यात निवडानिवड नसते.

"आपा, साबण चाललेत," जिपार कुजबुजली. "सगळे."

"मग माग की परत. एसेनकुलपासून सुरुवात कर. मी खिडकीतून बघते."

केशिक परत मागणं म्हणजे आशीर्वाद परत मागणं. असं कुणी केल्याचं गावात कुणालाच आठवत नव्हतं. जिपार दाराशी उभी राहिली आणि एकेका पिशवीला लवून निरोप देत राहिली.

दुसऱ्या दिवशी शेजारची बुरुल आली. केशिक टाकायचं नसतं, थुंकायचं तर नाहीच, हे जिपारला तिच्या चेहऱ्याकडे बघून आठवलं.

"कुरुत छान होतं," बुरुल जपून म्हणाली. "जरा निराळं."

"एजे, ते..." थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी जिपार म्हणाली.

"आमच्या ह्यांनी तीन खाल्ले. प्रत्येक ढेकरेला एक बुडबुडा येतो. पोरं पकडायला धावतात. घरात जत्रा आहे नुसती."

"एजे, तो साबण होता."

बुरुलने तिच्याकडे कीव करत पाहिलं. "दस्तरखानावर साबण कोण ठेवतं गं?"



तिकडे एसेनकुल आजोबांच्या बायकोने रीतीप्रमाणे कुरुत रश्श्यात विरघळवायला टाकलं. पाच गोळे. फेस पातेल्याबाहेर आला, चूल विझवून उंबरा ओलांडून अंगणात गेला आणि तिथे पसरलेल्या लोकरी नमद्याच्या गालिच्यावर जाऊन बसला. फेस ओसरला तेव्हा गालिचा लाल होता. तो लाल आहे हे आजी लग्नानंतर विसरूनच गेल्या होत्या.

रविवारी दारात बायकांची रांग लागली, प्रत्येकीच्या खांद्यावर गुंडाळलेला गालिचा. जिपारने आनंदाने खोकं उघडलं. "घ्या. ताजा माल."

बुरुलने एक गोळा हुंगला. "दस्तरखानावरचा आहे?"

"नाही. फडताळातला."

"मग नको. याला ओमीन लागलेलं नाही."

जिपारने समजावून सांगितलं. साबणाच्या रेणूला दोन टोकं असतात, एक पाण्याला धरतं, दुसरं तेलकट मळाला. सगळ्यांनी आदराने ऐकून घेतलं.

"बरोबर आहे," बुरुल म्हणाली. "आणि ओमीन त्या दोन टोकांना धरून ठेवतं. पुढचं जेवण कधी?"

"शुक्रवारी," मागून आपा म्हणाल्या.

त्याच घरी दुसऱ्यांदा जेवायला जाताना कुणी रिकाम्या हाताने जात नाही. शुक्रवारी पाहुणे मेंढ्या घेऊन आले. त्यापुढच्या शुक्रवारी शेजारची दोन गावं आली. कढई ढवळून ढवळून जिपारच्या तोंडाला फेस आला. पाहुण्यांच्या तोंडाला आता येत नव्हता, ते रीत म्हणून एकच गोळा नुसता चाटत आणि म्हणत, "मागच्या वेळेपेक्षा मुरलंय."

हेडमास्तर होकार पक्का करायला आले, त्यांनाही बसवून घेतलं. जाताना पिशवी हातात घेऊन ते दाराशी घुटमळले.

"सर, शाळेचं म्हणाल तर..." जिपारने सुरुवात केली.

"शाळेचं राहू द्या हो. सभागृहातले गालिचे फार मळलेत. पुढच्या शुक्रवारी मला दोन जागा धराल का?"

कळप खाली उतरला त्या दिवशी जिपारने आकडे मांडले. जेवणावळी: नऊ. केशिकातून गेलेले साबण: दोन हजार एकशे साठ. कापलेले मेंढे: नऊ. आलेल्या मेंढ्या: सत्तावीस, शिवाय एक शिंगरू. विकलेले साबण: शून्य.