काळ्या फितीची माणसं

"न्यायला कोणी आलं नाही, तर माणूस गेला समज. फीत बांध, पण भिंतीवरून उतरवू नकोस."

कैक वर्षांपूर्वी ऐकलेला वडिलांचा हा आवाज कानात घेऊनच चौकटकाका लोकांच्या फोटोंना चौकटी करत आले होते. बरेच दिवस कोणी न नेलेल्या फोटोच्या कोपऱ्याला ते काळी फीत बांधत. अशी सगळी भिंत भरली होती. संध्याकाळी दिवा लावला, की काचांमागचे चेहरे एकदम जागे झाल्यासारखे बघत.

गिऱ्हाईक मात्र दाराशी फिरकत नव्हतं.

"काका, दुकानाचं पान काढू या मोबाइलवर," पुतणी म्हणाली. "नाहीतर कुलूप लावा नि मोकळे व्हा."

"बोर्ड आहे की बाहेर."

"तो वाचायला माणूस गल्लीत तर यायला हवा!"

तिने भिंतीचा फोटो काढला. मधल्या एका तरुणीच्या तसबिरीला फीत नव्हती. "ही कोण?"

"ती तेवढी वगळ," काका घाईने म्हणाले. "कोणी घेऊन जाईल."

पुतणीने वगळली नाही. फोटो पानावर टाकला नि वर लिहिलं, 'आम्ही गेलेल्यांनाही जपतो.'

दिवेलागणीला दार करकरलं. उंबऱ्यात एक म्हातारा. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. तीच भुवई, तीच चामखीळ. हातातली काच खळ्ळकन फुटली.

"मला कधी मारलंत हो?" आवाज विहिरीतून यावा तसा. "मोबाइलवर फीत बघून सकाळपासून व्याही रडत येताहेत घरी!"

मग रीघच लागली. गेलेली माणसं पाऊल न वाजवता येत, आपल्याच तसबिरीसमोर उभी राहत, गाल चाचपून बघत, नि तसबीर काखेत मारून जात. एक बाई म्हणाली, "मेल्यावर बरी दिसते मी!" आणि आणखी दोन चौकटी सांगून गेली.

"चाललं की नाही पान?" पुतणीने विचारलं. काका हसले नाहीत. भिंत ओस पडत होती, आणि मधली तसबीर आता रस्त्यावरूनही दिसत होती.

एका संध्याकाळी दार वाजलंच नाही. मान वर केली, तर ती आत उभी. केस पांढरे, डोळे काचेमागचेच. काकांनी तसबीर उतरवली, बाहीने पुसली, कागदात गुंडाळली. सुतळीची गाठ काही बसेना.

"उशीर केलात न्यायला," ते म्हणाले.

"न्यायला कोण आलंय? सगळे आपापलं नेताहेत म्हणे. माझी कोणाला देऊन बसाल, म्हणून धावत आले." तिने गाठीवरचा त्यांचा हात थांबवला. "मी विसरले नव्हते हो. तुमच्यापाशी राहावी, म्हणूनच कधी आले नाही."