भुरीची डुलकी

एका जंगलात, बाळांनो, सिंहमहाराज डोंगरावर राहत आणि नदी मात्र खाली वाहत असे. नदीला वर बोलावणं महाराजांनाही जमत नव्हतं. म्हणून भुरी गाढवीण पखालीतून पाणी वर नेई.

पूर्वी दुपारी तिला जांभळीखाली डुलकी मिळायची. मग महाराजांचे मेहुणे डोंगरावर राहायला आले, त्यांचे मेहुणेही आले, आणि डुलकी गेली. आता भुरीला झोपच येईना. चारा समोर असला तरी ती नुसती बघत बसे. मधूनच तिला रडू फुटे.

तेवढ्यात परदेशी तळ्यांवर शिकून बगळेपंडित आले. प्रजेच्या मनाचा आणि कामाचा अभ्यास करायला महाराजांनीच त्यांना नेमलं होतं. मासेही महाराजांकडूनच मिळत.

"पाणी कमी पोचतं का गं?" पंडितांनी भुरीला विचारलं.

"नाही हो. कमी पोचलं तर लाथ बसते."

"मग तुला दुःख नाही."

"पण पंडितजी, रडू येतं हो सारखं!"

"अगं वेडे, रडणं मोजता येत नाही. सांडलेलं पाणी येतं. नुकसान नाही, तर दुःख कसलं?"

मग पंडित बिबट्याकडे गेले. हा महाराजांचा भाचा, गस्तीचा प्रमुख. तो आठवडाभर उठलाच नव्हता.

"कंटाळा आलाय," बिबट्या म्हणाला.

पंडितांचे डोळे पाणावले. अख्खी गस्त बंद! केवढं नुकसान, म्हणजे केवढं दुःख! बिबट्याला ताबडतोब जांभळीखाली विश्रांतीला पाठवलं. पाठ खाजवायला दोन खारी दिल्या. त्याची गवताची गादी डोंगरावरून कोणी आणली? भुरीनेच, दुसरं कोण आणणार!

भुरी गाढव होती, पण इतकीही नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने भर चढावर पखालीचं तोंड सोडून दिलं. पाणी घळघळ वाहून गेलं.

पंडित आनंदाने नाचत आले. "वा! आता तू खरी दुःखी!"

"मग मला दुपारी जरा झोपू द्या. एवढंच मागते."

"झोप? अगं, बिबट्या झोपला तर त्याचं मन सुधारतं. तू झोपलीस तर महाराजांचा घसा सुकतो. तुझ्यासाठी स्वस्त इलाज आहे."

इलाज म्हणजे हास्यवर्ग. रोज दुपारी नदीकाठी उभं राहून मोठ्याने हसायचं. त्यात गेलेला वेळ संध्याकाळी भरून द्यायचा. पंडित पंख हलवून "हसा!" म्हणत आणि भुरी जीव खाऊन रेके. जांभळीखालून बिबट्या ओरडे, "आवाज कमी करा रे, मी आजारी आहे!"

एका दुपारी हसता हसता भुरीला उभ्याउभ्याच झोप लागली. डोळे मिटलेले, तोंड उघडं. नेमके तेव्हाच महाराज पाहणीला आले.

"बघा महाराज," पंडित कुजबुजले, "चेहऱ्यावर केवढं समाधान! इलाज लागू पडला."

"मग हिला आणखी काम झेपेल," महाराज म्हणाले.

पाठीवर दुसरी पखाल चढली आणि त्या ओझ्यानेच भुरी जागी झाली. ती हुंदके देत डोंगर चढली. पाण्याचा थेंबही सांडला नाही, म्हणून त्या दिवशी जंगलात कोणीही दुःखी नव्हतं.

तात्पर्य : मुलांनो, मन दुखवून घ्यायचं असेल, तर आधी कोणाचे तरी भाचे व्हा. ते जमलं नाही, तर हसायला वेळेवर हजर राहा.