वहिनींच्या चित्राची कटिंग

त्या दिवशी सलूनला आठवड्याची सुट्टी होती, इथेच सगळं बिनसलं. एखादं गिऱ्हाईक बसलं असतं तर लेव्हलभाऊंचे हात कामात राहिले असते आणि पुढचं महाभारत घडलं नसतं.

लेव्हलभाऊ हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. दोन्ही कानांवरचे कल्ले एका रेषेत आल्याशिवाय हा माणूस गिऱ्हाइकाला खुर्चीतून उठू देत नसे. "लेव्हल आली पाहिजे," हे त्यांचं पालुपद. एक गृहस्थ मिशी जराशी सारखी करायला आले आणि मिशीशिवाय घरी गेले. (त्यांच्या कुत्र्याने त्यांना आत घेतलं नाही म्हणे. आम्ही कुत्र्याला विचारायला गेलो नाही.)

भाऊंची मुलगी लग्न होऊन सासरी गेली आणि वहिनींनी चित्रकलेचा क्लास लावला. रोज सकाळी शहराबाहेरच्या घोडेस्वारी क्लबच्या कुंपणाशी उभ्या राहून त्या घोडे बघायच्या. वर्षभर बघितले आणि मग चित्र काढलं. दाराएवढा कॅनव्हास. त्यावर रंग, रंगावर वाळू, सुकं गवत, झाडाची साल, गोणपाटाचे तुकडे आणि तबेल्यातून मागून आणलेले घोड्याच्या शेपटीचे केस. असल्या चित्राला मिक्स्ड मीडिया म्हणतात. भाऊ त्याला 'पसारा' म्हणत, पण मनातल्या मनात.

"छान आहे," ते एकदा म्हणाले. "पण यात घोडा कुठाय?"

"शोधायचा नसतो. जाणवायचा असतो."

"मग हे वरून लोंबतंय ते काय? शेपूटच ना?"

"तुम्ही दुकान उघडा, जा."

तरी क्लासच्या बाईंनी तेच चित्र प्रदर्शनासाठी निवडलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वहिनींचं म्हणून काही भिंतीवर लागणार, ते पहिल्यांदाच. त्या आनंदात त्यांनी भाजीत दोनदा मीठ घातलं आणि भाऊंनी ती मुकाट्याने संपवली. बायकोचा त्यांना मनापासून अभिमान वाटत होता, फक्त तो नेमका कशाचा, हे कुणी विचारू नये एवढीच इच्छा होती.

चित्र न्यायला संध्याकाळी टेम्पो येणार होता आणि सगळं पक्कं बसावं म्हणून वहिनींनी पुन्हा लावलेला गोंद काही वाळत नव्हता. घराच्या पुढच्या खोलीत सलून, तिथे मोठा पंखा. म्हणून दोघांनी चित्र उचलून आरशासमोरच्या खुर्चीत टेकवून ठेवलं.

"मी हुक आणि तार घेऊन येते. हात लावू नका."

"मी कशाला हात लावतोय?"

(आणि खरोखरच त्यांनी हात लावला नाही. कंगवा लावला, कात्री लावली. पुढे बचावासाठी त्यांनी हा मुद्दा मांडून पाहिला, पण तो टिकला नाही.)

आता तुम्हीच सांगा. आरसा, वर दिवा, खुर्ची, आणि खुर्चीत केस लोंबकळतायत. तेही कसे? डावीकडे कमरेपर्यंत, उजवीकडे गुडघ्यापर्यंत! भाऊंनी पेपर वाचून पाहिला. पाठ फिरवून पाहिली. पण समोरच्या आरशात तेच. हात शिवशिवायला लागले. 'टोकं तेवढी सारखी करू, तिला कळणारही नाही,' असं म्हणत त्यांनी कात्री घेतली आणि सवयीने चित्राच्या गळ्याशी पांढरं कापडही बांधलं.

उजवीकडचे कापले, तर डावीकडचे लांब दिसायला लागले. डावीकडचे कापले, तर उजवीकडचे.

अर्ध्या शटरखालून शेजारच्या पेन्शनर काकांचं डोकं आत आलं. "आज सुट्टी ना? मग कुणाची कटिंग चाललीय?"

"घोड्याची."

"बसलाय का नीट?"

"हलत नाहीये, हीच मोठी गोष्ट."

काकांनी चष्मा सारखा केला. "डावीकडे जरा जास्त वाटतंय बघा."

माणसाने सुट्टीच्या दिवशी फिरायला जाऊ नये असं नाही, पण डोकं दुसऱ्याच्या शटरमध्ये घालू नये. काका बोलून निघून गेले आणि भाऊंनी डावीकडचे आणखी कापले. शेवटी लेव्हल आली. अगदी पट्टी लावून बघावी अशी. फक्त आता केस बोटभरच उरले होते.

एवढ्यावर थांबते तर निभावलं असतं. पण कटिंग झाली की पावडर लावायची आणि मऊ ब्रशने मान झटकायची, हे त्यांच्या हाताला इतकं मुरलेलं, की डोक्याला विचारायची पद्धतच राहिली नव्हती. त्यांनी चित्राला पावडर लावली. मग ब्रशने खालपर्यंत झटकलं, स्वच्छ. ओल्या गोंदावरची वाळू गेली, गवत गेलं, साल गेली. सगळं झाडून सुपलीत भरलं तेव्हा वहिनी दारात उभ्या होत्या.

"हे काय केलंत?"

"अगं, शेपूट जरा वरखाली होती..."

"तो पाऊस होता!"

"पाऊस? घोड्याच्या केसांचा?"

"मग शेपूट आभाळातून लोंबते का कुणाची?"

हे भाऊंना पटलं. "चुकलं माझं. पण घोड्याला मी धक्का लावलेला नाही हं. कुठाय तो?"

वहिनींनी सुपलीकडे बोट दाखवलं.

वहिनी दुसऱ्या खुर्चीत बसल्या आणि रडायला लागल्या. "वर्षभर त्या कुंपणाशी उभी राहिले हो मी. एकच गोष्ट माझी होती." पाणी द्यावं, पाय धरावेत की घर सोडून जावं, भाऊंना कळेना. त्यांनी पाणी दिलं.

पाणी पिऊन वहिनी उठल्या ते पदर खोचूनच. गोंदाचा डबा कॅनव्हासवर उपडा केला, सुपली उचलली आणि वाळू, गवत, केस, पावडर सगळं मूठमूठ घेऊन फाडफाड मारायला सुरुवात केली. प्रत्येक मूठ आपल्याच तोंडावर बसतेय असं भाऊंना वाटत होतं. (वहिनींनाही तसंच वाटत असावं, नेम फार चांगला लागत होता.) त्या थांबल्या, तेव्हा समोर धूळ उडवत काहीतरी चौखूर सुटलेलं होतं. भाऊंना घोडा अगदी स्पष्ट दिसला.

संध्याकाळी क्लासच्या बाई टेम्पो घेऊन आल्या. चित्राच्या अगदी जवळ गेल्या, मग दोन पावलं मागे आल्या.

"हे कालचं नाही."

"नाही."

"राग आलाय याला."

"आलाय."

"चढवा टेम्पोत," बाई म्हणाल्या. भाऊंनी एकट्याने चढवलं.

प्रदर्शनात चित्रापुढे चांगली गर्दी होती. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून कडेला उभे होते, कुणी विचारलं तर 'मिसेसचं आहे' म्हणायला. चित्राखाली वहिनींनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली होती. माध्यम: रंग, वाळू, सुकं गवत, साल, गोणपाट, घोड्याचे केस, टाल्कम पावडर, नवरा.

एका बाईंनी ती वाचली आणि वहिनींना विचारलं, "बाकीचं कळलं हो, पण हे शेवटचं काय मटेरियल आहे?"

"टाकाऊतलंच," वहिनी म्हणाल्या. "घरात पडून होतं, म्हटलं वापरून टाकावं."