मानेकाकांचा रुमाल

सिंगापुरात पासिर रिसच्या या इमारतीत आम्ही राहायला आलो, त्याच दिवशी लिफ्टमध्ये एका गृहस्थांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "हाड चांगलं आहे. चारा कमी पडलाय."

हे आमचे शेजारी मानेकाका. त्यांची नजर माझ्या बायकोकडे वळायच्या आत आमचा मजला आला, हे बरं झालं.

काका मूळचे सांगलीकडचे, गुरांचे डॉक्टर. इथे पाया लेबार भागातल्या एका कंपनीत बसून ऑस्ट्रेलियातल्या वासरांचे भाव ठरवतात. मांसासाठी वाढवायची वासरं. स्वतः काका अंडंसुद्धा खात नाहीत. कुणी छेडलंच तर, "मी वासराचा भाव सांगतो, मसाला नाही," म्हणतात आणि विषय पुढे जाऊ देत नाहीत.

भाव मुख्यतः जातीवर. "काळंभोर अँगस दिसलं की गिऱ्हाईक डोळे मिटून पैसे काढतं. मांस चांगलं निघतं असं नाव झालंय ना! वशिंडवालं वासरू थंड मुलखात कुणी विचारत नाही. तेच इंडोनेशियाला पाठवा, उन्हाला टिकतं म्हणून उड्या पडतात." मग चष्मा पुसत म्हणणार, "आपल्याकडे स्थळं बघताना सगळ्यांना गोरी पाहिजे. आमच्या बाजारात या म्हणावं!"

काकांचं दुःख एकच. हा सगळा सौदा स्क्रीनवर होतो. त्यांचे वडील बैलबाजारातले दलाल. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा, खाली एकमेकांची बोटं दाबायची. आकडा दोघांनाच कळतो. काका हे लहानपणीच शिकले. "तोंड खोटं बोलतं, बोट नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. काकू होत्या तोवर भाजी कुठली करायची हेसुद्धा रुमालाखाली ठरायचं. त्या गेल्या, मुलगा कॅनडात, आणि बोटांना काही काम उरलं नाही.

एकदा ऑस्ट्रेलियाचा एक वासरंवाला ऑफिसात आला. जेवताना काकांनी त्याच्या हातावर नॅपकिन टाकला आणि खालून तीन बोटं धरली. तो आडदांड गडी कानापर्यंत लाल झाला. पुढच्या वेळी तो बायकोला सोबत घेऊन आला.

मग काकांनी माझ्यावर प्रयोग केला. मला गुदगुल्या होतात, म्हणून मी नापास झालो.

शेवटी मार्केटात लिम आंटी सापडली. भाजीवाली, सत्तरीची, दोन दात सोन्याचे. तिला रुमाल पहिल्या दिवशीच कळला. भेंडीच्या ढिगाऱ्यावर दोघांचे हात रुमालाखाली, दोघांचे चेहरे दगडासारखे आणि मागे रांगेतले लोक वैतागलेले, असं दर शनिवारी चालायचं. एकदा काकांनी उत्साहाने तिला समजावलं की काळ्या वासराला जास्त भाव येतो. पुढच्या शनिवारी वांगी महागली.

"अंकल से ब्लॅक वन मोअर एक्स्पेन्सिव्ह, लाह!" आंटी इथल्या लाहवाल्या इंग्रजीत म्हणाली. काका दिवसभर खूश होते.

गेल्या महिन्यात आंटीने सांगितलं की गुडघे चालत नाहीत, स्टॉल बंद करून ती जुरोंग ईस्टला मुलीकडे राहायला जाणार. परतताना काका एकदम मला म्हणाले, "बाजारात एकसारखी वासरं असली की कळपाला भाव येतो. एकटंच राहिलेलं वासरू, जात कितीही भारी असू द्या, कुणी धड बघतसुद्धा नाही."

शेवटच्या शनिवारी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेलो. स्टॉलवर वांगी तेवढी उरली होती. काकांनी इस्त्रीचा रुमाल काढला. हात खाली गेले. सौदा लांबला. मागे रांग वाढली, कुणीतरी घसा खाकरला. आज काका चांगलीच घासाघीस करताहेत, असं मला वाटलं.

अखेर रुमाल निघाला. काकांनी न मोजताच पैसे दिले आणि तोंड फिरवून पिशवी भरत बसले. मी आंटीला हळूच विचारलं, "कितीला ठरलं?"

"टुडे नो नंबर," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "ही जस्ट होल्ड माय हँड. सो आय ऑल्सो होल्ड, लाह."

परत लिफ्टपाशी आल्यावर पिशवीतलं एक वांगं काढून काकांनी उलटसुलट पाहिलं.

"काय हो, जुरोंग ईस्टला वांगी कशी मिळतात?"

आमच्याइथून जुरोंग ईस्ट म्हणजे एमआरटी मेट्रोने अख्खं सिंगापूर ओलांडायचं. तिथली वांगी मी जन्मात पाहिलेली नाहीत.

"फार सुरेख," मी ठोकून दिलं. "काळीभोर."